तिरकी पट्टी

आमच्या विमान-नियंत्रणाच्या हॉलमध्ये त्यांना सगळे पाचमैले म्हणायचे. तोंडावर सर, पाठीमागे पाचमैले. नव्याने आलेल्यांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. एकाने तर सुट्टीच्या अर्जावर 'माननीय पाचमैले साहेब' असं लिहून दिलं होतं, आणि सरांनी तो अर्ज अजिबात न हसता मंजूर केला होता. नाव पडलं ते त्यांच्या हट्टावरून. आकाशात एकाच उंचीवर उडणाऱ्या दोन विमानांमध्ये निदान पाच मैलांचं अंतर हवं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. आम्ही बाकीचे सहा-सात मैलांवर खूश असायचो. सर म्हणायचे, "पाच मैल म्हणजे आठ मैल. पाच हा आकडा घाबरायचा आहे, वापरायचा नाही." कॅंटीनच्या रांगेतही ते पुढच्याच्या पाठीपासून दोन हात लांब उभे राहायचे, त्यामुळे मधे कोणीही घुसायचं आणि सरांना चहा सगळ्यात शेवटी मिळायचा.

मी त्यांची विद्यार्थिनी. आठ महिने ते माझ्या खुर्चीमागे दुसरी खुर्ची टाकून बसले, हेडसेटचा एक कान त्यांना, एक मला. माझ्या नाकावर राग असायचा आणि जिभेवर उत्तर तयार. पायलट दोनदा विचारायला लागला की मी करवादायचे. सर मागून एवढंच म्हणायचे, "त्याला दिसत नाही ग. आपल्याला दिसतंय." मी गप्प व्हायचे. दुसऱ्या कोणी गप्प केलेलं मी आजवर ऐकून घेतलेलं नाही.

आता पट्टीचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. तेव्हा आमच्याकडे प्रत्येक विमानाची कागदाची एक पट्टी असायची, दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब. तिच्यावर विमानाचा नंबर, उंची आणि वेळ. ती प्लॅस्टिकच्या पट्टीधारकात बसवायची आणि समोरच्या उतरत्या फळीवर एकाखाली एक लावायची. आकाशाचे आम्ही तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकडा एका माणसाच्या ताब्यात असतो. विमान एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला निघालं की आधी पुढच्या माणसाला फोनवर विचारायचं. तो 'घेतो' म्हणाला की मग पायलटला सांगायचं, आता अमुक फ्रिक्वेन्सी लाव आणि त्यांच्याशी बोल. ही दोन वेगळी कामं आहेत. त्या दोहोंच्या मधल्या वेळात ती पट्टी फळीच्या उजव्या कडेला तिरकी ठेवायची, ही आमच्या हॉलची पद्धत. तिरकी म्हणजे पुढच्याने हो म्हटलंय, पण पायलटला अजून सांगायचंय. सांगून झालं की सरळ करायची, काढायची आणि खालच्या डब्यात टाकायची.

हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण आम्ही सगळे पाळायचो. आणखी एक शिरस्ता होता. पाळी बदलताना फळीवर दिसतंय ते तोंडाने पुन्हा सांगायचं नाही. सांगितलं तर समोरचा म्हणायचा, "मला डोळे आहेत हो."

आणि मला एक खोड होती. मला वेडंवाकडं काही बघवत नाही. हॉटेलात गेले तरी टेबलावरचे चमचे सारखे करते, दुसऱ्याच्या घरी भिंतीवरचा फोटो नीट करते. आई म्हणायची, "हिला जगात सगळं सरळ लागतं, एक हिचं बोलणं सोडून."

पुढे मी एकटीने खुर्ची सांभाळायला लागले. त्या दिवशी दुपारी दोनला पाळी बदलताना मी सरांकडून खुर्ची घ्यायला आले. जेमतेम वेळेत पोचले होते, धापा टाकत. ते उठले, मी बसले, हेडसेट लावला. ते माझ्या खांद्यावरून स्क्रीनवर बोट दाखवत एकेक विमान सांगायला लागले. नजर त्यांची स्क्रीनवर. ऐकता ऐकता माझा उजवा हात फळीवरून वरपासून खालपर्यंत फिरला आणि पट्ट्या सारख्या झाल्या. एवढंच झालं. एका क्षणाचंही काम नव्हतं ते.

सर म्हणाले, "दोनशे अठरा पूर्वेकडे जातंय, त्यांनी घेतलंय." मी "हं" म्हणाले. पुढच्या माणसाने विमान घेतलं की स्क्रीनवर त्याचा रंग बदलतो; तो बदललेला होता. सर रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही करायला खाली वाकले. मी फळीकडे बघितलं. दोनशे अठराची पट्टी उजव्या कडेला, सरळ. म्हणजे काम झालेलं. मी ती काढली आणि डब्यात टाकली. सरांनी मान वर केली तेव्हा कडेची जागा रिकामी होती. त्यांना वाटलं, मी पायलटला सांगितलं. मला वाटलं, त्यांनी सांगितलं. पायलटला कोणीच काही सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतरची चार मिनिटं मी अगदी उत्तम काम केलं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. टेप ऐकलीत तर तुम्हीही म्हणाल की बाई पक्की आहे. पाच विमानांशी बोलले, एकाला खाली आणलं, एकाला थांबवलं. दोनशे अठरा आमच्याच फ्रिक्वेन्सीवर गप्प बसून आपल्या उंचीवरून सरळ पूर्वेकडे चाललं होतं, आणि पूर्वेकडून त्याच उंचीवर दुसरं विमान त्याच्या समोर येत होतं. पूर्वेचा कंट्रोलर दोनशे अठराची वाट बघत होता, म्हणजे त्याने साद दिली की त्याला खाली उतरवता येईल.

त्याचा फोन आला. "दोनशे अठरा माझ्याशी बोलत नाही. तुझ्याकडेच आहे का?"

त्याच क्षणी मला बोटांना लागलेलं प्लॅस्टिकचं ते टोक आठवलं. इतर पट्ट्यांपेक्षा बाहेर आलेलं, मी अंगठ्याने आत दाबलेलं. तरी तोंड चालू राहिलं, शिकवणच तशी होती. दोघांमध्ये अकरा मैल उरले होते, म्हणजे पाऊण मिनिटसुद्धा नाही. मी दोनशे अठराला हाक मारली, "ताबडतोब उजवीकडे वळा." त्याने लगेच उत्तर दिलं, जणू चार मिनिटं तो त्याचीच वाट बघत होता. सर तोवर माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली होती.

विमानं दीड मैलावरून एकमेकांना ओलांडून गेली. एकात एकशे चौसष्ट माणसं होती आणि दुसऱ्यात एकशे एकतीस. त्यांतल्या कोणालाही काही कळलं नाही. विमान जरा जोरात वळलं म्हणून कोणाच्या कपातला चहा सांडला असेल, तेवढंच.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. दुसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली, तीन अधिकारी, पाण्याचा जग आणि घरघरणारा एसी. आवाजाची टेप होती, रडारची नोंद होती. फळीवर मात्र कॅमेरा नव्हता. अधिकाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "तुम्ही बसलात तेव्हा दोनशे अठराची पट्टी तिरकी होती की सरळ?"

मी म्हणाले, "आठवत नाही."

याला मी काही मुलामा देणार नाही. मला लायसन्स मिळून तीनच वर्षं झाली होती आणि मी घाबरले होते. दुसरं कारण नाही. बाहेर येऊन जिन्यात बसले तेव्हा मनाशी म्हणाले, आज नाही तर उद्या सांगता येईल.

सरांचा जबाब मी नंतर फाइलमध्ये वाचला. त्यांनी लिहिलं होतं, 'पट्टी तिरकी ठेवल्याचं मला आठवतं. परंतु ती रोजच्या सवयीची आठवण असावी. माझी सहकारी पट्ट्यांच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहे. तिरकी पट्टी तिने कधीही डब्यात टाकली नसती. अर्थात मी ती सरळच ठेवली असली पाहिजे.' माझ्यावरच्या विश्वासाने त्यांनी स्वतःला दोषी ठरवलं होतं. मी ती फाइल बंद केली आणि घरी जाऊन दोन दिवस ताप काढला.

त्यांना खुर्चीवरून काढलं. मला प्रसंगावधानाबद्दल शाबासकीचं पत्र मिळालं. ते पत्र मी फाडायला तीनदा काढलं आणि तीनदा परत ठेवून दिलं. भेकड माणसाला कागद फाडायलाही धीर लागतो.

सरांना तळमजल्यावर जुन्या नोंदी सांभाळायचं काम दिलं. शिकवण्याचा वर्ग घ्या म्हणून वरून निरोप आला तेव्हा त्यांनी हात जोडले. त्या खोलीत टेपांची कपाटं होती, आणि त्यात ती टेप होती. जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेले की ते कानाला हेडफोन लावून बसलेले दिसायचे. एकदा म्हणाले, "या चार मिनिटांत बाकीची सगळी बोलतात. दोनशे अठरा एक शब्द बोलत नाही. पण आहे तो तिथे. मला त्याचं गप्प बसणं ऐकू येतं ग. तो बिचारा विश्वासाने बसलाय, की खालून कोणीतरी सांगेल." मी म्हणाले, "सर, चहा गार होतोय." मला त्या खोलीतून पळून जायचं होतं, आणि मी गेले.

दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. मी त्यांच्या घरी जायला लागले, दर महिन्या-दोन महिन्यांनी. कोणाला वाटेल, गुरूवर केवढी माया. काकूंना तर तसंच वाटायचं. काकू म्हणजे त्यांची बायको, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, मोजकं बोलणारी बाई. "बाकी कोणी फिरकत नाही," त्या म्हणायच्या, "तूच तेवढी येतेस."

घरात सगळं तिरकं होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा मला कळेना की हा पसारा आहे की काय आहे. मग काकूंनी हळूच सांगितलं. न वाचलेलं वर्तमानपत्र टेबलावर तिरकं. घ्यायची राहिलेली गोळी बशीत, आणि बशी तिरकी. टाकायचं पत्र दाराच्या फळीवर तिरकं. पाणी भरायचं बाकी असेल तर बादलीची कडी एका बाजूला. जे जे व्हायचं बाकी आहे ते ते सरांनी तिरकं करून ठेवलेलं, आणि झालं की ते स्वतः येऊन सरळ करायचे. आणि तरी रात्रंदिवस धास्ती. गॅस बंद केला का हे बघायला चारदा उठायचे. भर दुपारी खिडकीशी उभे राहून वर बघत पुटपुटायचे, "दोनशे अठरा, आहेस ना?" काकू म्हणाल्या, "मी घरात वावरताना पदर सांभाळते, कशाला धक्का लागू नये म्हणून." मी त्या घरात बसायचे तेव्हा दोन्ही हात मांडीखाली दाबून धरायचे.

अशी अकरा वर्षं गेली. मी त्याच हॉलची प्रमुख झाले. कागदाच्या पट्ट्या जाऊन सगळं स्क्रीनवर आलं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तो उद्या माझ्या अंगवळणी पडला होता.

मग सरांच्या मुलीला मुलगी झाली. मुलगी जवळच राहायची, नोकरी करायची. बाळाला आईवडिलांकडे ठेवून कामावर जायचं असं ठरलं होतं. पण सर नातीबरोबर एकटे थांबायला तयार नव्हते. "माझ्यावर सोपवू नका," एवढंच म्हणायचे. एकदा काकूंना दाताच्या डॉक्टरकडे अर्धा तास जावं लागलं, तर परत येऊन बघतात तो सर नातीला कडेवर घेऊन जिन्यात, शेजाऱ्यांच्या उघड्या दारासमोर उभे. अर्धा तास तसेच उभे होते, दुसऱ्या कोणाची तरी नजर असावी म्हणून. घामाने शर्ट भिजलेला. मुलगी वैतागली. तिच्या मनाने घेतलं की बाबांना नात नकोशी आहे. तिने दुसऱ्या गावी, सासरच्यांजवळ बदली मागितली आणि ती मिळाली.

काकूंचा मला फोन आला. आवाज कधी नव्हे तो ओला होता. "महिन्याभरात जातील ग त्या दोघी. ह्यांना त्या पोरीशिवाय करमत नाही, आणि तिला हातात घ्यायला घाबरतात. तुझं ऐकतात ते. तू सांग त्यांना, की त्या दिवशी चूक त्यांची नव्हती. खोटं का असेना, सांग."

मी फोन ठेवला आणि मला, लाज वाटते सांगायला, हायसं वाटलं. खोटं बोलायची मला गरजच नव्हती.

रविवारी सकाळी गेले. सर खिडकीजवळच्या खुर्चीत होते, काकू दारात उभ्या, नात आतल्या खोलीत झोपलेली. मी बसलेसुद्धा नाही.

"सर, त्या दिवशी पट्टी तिरकीच होती. तुम्ही बरोबर ठेवली होती. मी बसता बसता हात फिरवला आणि ती सरळ केली. मला तेव्हाच कळलं होतं. चौकशीत मी खोटं बोलले."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग काकूंकडे बघितलं. काकूंनी मान खाली घातली.

"हिने सांगितलं ना तुला असं बोलायला?" सर म्हणाले, आणि हसले. अकरा वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना बघितलं नव्हतं.

"काकूंनी सांगितलं म्हणून नाही, सर. खरं आहे ते!"

"मी तुला आठ महिने शिकवलंय. तिरकी पट्टी तू सरळ करशील? झोपेतसुद्धा करणार नाहीस."

"मी केली!" मी ओरडले. खरंच ओरडले, नातीच्या झोपेचंही भान राहिलं नाही. "ह्या हाताने केली! ऑफिसला लिहून देते मी उद्या!"

तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "खबरदार. माझ्या समाधानासाठी स्वतःची नोकरी घालवशील? वेडी आहेस का?" मग त्यांनी माझा तोच हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "एवढं खोटं कोणी कोणासाठी बोलत नाही ग. मन मोठं आहे तुझं. पण मला ती पट्टी दिसते. रोज दिसते, सरळ ठेवलेली. माझ्या हाताने."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, आणि हे 'आठवत नाही' खरं आहे. शपथा घेतल्या, रडले. जितकी रडले तितकं त्यांचं माझ्याबद्दलचं मत चांगलं होत गेलं. शेवटी त्यांनीच मला रुमाल दिला. आत नात उठून रडायला लागली तेव्हा ते चटकन दोन पावलं पुढे झाले, दारापाशी थांबले, आणि म्हणाले, "अहो, बघा ना जरा तिला." काकू गेल्या.

निघताना काकू मला सोडायला खाली फाटकापर्यंत आल्या. "छान बोललीस हो," त्या म्हणाल्या. "नाही पटलं त्यांना, पण तू जीव तोडून बोललीस. मलाच क्षणभर खरं वाटलं."

"काकू, ते खरंच आहे."

त्यांनी फाटकाची कडी धरली होती. ती तशीच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. गणिताच्या बाई त्या. त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. म्हणाल्या, "अकरा वर्षं तू आमच्या घरी चहा प्यायलीस."

मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं.

"आता त्यांना परत सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला तो गेलाच. तुझ्यावरचा तेवढा राहिलाय. तोही काढून घेतला तर माणूस जगेल कशावर?" आणि कडी लावून त्या वर गेल्या.

मुलगी पुढच्या महिन्यात नातीला घेऊन गेली. ऑफिसला मी लिहून दिलं. तिथून उत्तर आलं की प्रकरण बंद झालेलं आहे आणि नोंदी मुदत संपल्यामुळे नष्ट केलेल्या आहेत. खाली एक ओळ होती, 'आपल्या माजी वरिष्ठांविषयीच्या आपल्या भावना समजू शकतो.'

मी अजून त्यांच्याकडे जाते. जायचं थांबवलं तर सर 'का येत नाहीस' विचारतील, म्हणून जाते. काकू दार उघडतात, चहाचे दोन कप आणून ठेवतात, एक सरांचा, एक माझा. सर दर वेळी म्हणतात, "अहो, तुमचाही आणा ना. बसा इथेच. ही काय परकी आहे?"

"तुम्ही बोला," काकू म्हणतात, आणि आत जातात.